माईक काढायचा पहिला धडा

आधी एक अंडं काढा. उभं.
टोक वर की खाली, यावर भांडू नका,
माईकला टोक नसतं, पोट असतं.

पाचपावलीची शाळा, मे महिना,
बाहेर सेहेचाळीस, आत एक कुलर,
त्याचा पंप दर दहा मिनिटांनी खोकतो, थांबतो,
लाथ मारली की पुन्हा लागतो.
अकरा पोट्टे, चार पोट्ट्या, एकच शार्पनर.
फळ्यावर मी खडूनं अंडं काढलं
आणि मागच्या बाकावरून आवाज आला,
‘सर, हे तं वांगं झालं जी.’

होऊ द्या वांगं.
आता त्याच्या पोटावरून आडवा पट्टा घ्या,
दोन रेषा, हलक्या, मनगट सैल सोडून.
पट्टा वाकलेला हवा, कंबरेचा करगोटा वाकतो तसा.
सरळ मारलात
तर तो कागदावर आडवा पडेल
आणि वांगं कायमचं वांगंच राहील.

मग जाळी. इथे सगळे चुकतात.
तिरप्या रेषा डावीकडून, तिरप्या उजवीकडून,
कडेला जाता जाता दाट, मधे विरळ.
सत्यजित बोकडेनं पट्टी लावून मारल्या.
त्याच्या माईकची खिडकी झाली,
तर त्यानं खिडकीत एक डोळा काढून टाकला.
चांगला होता डोळा.

जाई निनावेच्या जाळीला मात्र
उजव्या अंगाला खळगा.
रेषा तिथे येऊन आत पडायच्या.
मी खोडरबर उचलला. ती म्हणाली,
‘राहू द्या ना सर, तो तसाच हाय.
हिवरी नगरच्या लग्नात पडला.
नवरदेवाच्या मामानं गाणं म्हणता म्हणता
सोडूनच देला.’

खोडरबर खाली ठेवला.

दांडा खाली निमुळता.
माप हवं असेल तर आपली मूठ कागदावर ठेवून बघा.
तिच्या दांड्यावर हिरवी टेप, तीन वेढे,
एका वेढ्याचं टोक सुटलेलं, त्याला चिकटलेला एक केस.
तिच्या बापाचं साउंड आहे, गोळीबार चौकाच्या मागे.
दोन बॉक्स, एक मशीन, हातठेला.

आणि मग तिनं विचारलं,
‘स्विच चालू काढू का बंद?’

एकोणीस वर्षं मी माईक शिकवतोय.
दांड्यावर एक छोटा चौकोन काढतो
आणि पुढे जातो.

‘चालू काढ बे, नाई तं आवाज कसा येईन?’
‘बंद काढ, शिट्टी मारन.’
वर्गात दोन पक्ष पडले,
शार्पनरवरूनही पडले नव्हते एवढे.

जाई पेन्सिल चावत होती.
‘बाबा घरी बंदच ठेवते.
पण रात्री पुसून झाला का हातात धरते.
फुंकर मारते. म्हणते,
हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.
तीनच्या पुढे काहीच नाई म्हणत, सर.
तिथं स्टेजवर पण नाई.
तीन झाले का देऊन टाकते दुसऱ्याले.’

कुलरचा पंप तेवढ्यात थांबला.
कोणी उठून लाथ मारली नाही.

शेवटी सावली. उजेड डावीकडून घ्या,
म्हणजे खिडकीकडून, खरंच तिथून येतोय तिथून.
काळं करताना जोर नको, फेरे जास्त.
वायर कागदाच्या कडेपर्यंत न्या आणि सोडा,
पुढची वायर कागदाबाहेर असते.

पंधरा कागद टेबलावर जमले,
सगळे जरा घामट, एकावर बोटाचा अख्खा ठसा.
जाईनं आपला द्यायच्या आधी
तोंड खाली नेलं, चेपलेल्या जाळीच्या जवळ,
आणि हळूच म्हणाली, ‘चार.’

स्विचच्या जागी तिनं काय काढलं
ते मी चष्मा लावून पाहिलं.
बटण अर्ध्यात होतं.
मागे खोडल्याच्या खुणा, वरची एक, खालची एक.

मार्क पेन्सिलनं लिहिले.
फळा पुसला नाही, दुपारच्या बॅचला
तेच वांगं पुढे चालेल.